लवकर शिजणारी डाळ

पवनी,
१२ जानेवारी २०१४

प्रिय रिता,

कुंदनच्या उष्टावणाचं बोलावणं मिळालं, सोबत त्याच्या बहिणीचा, रुचिकाचा फोटोही. पोरीला नवे दात आलेत आणि त्यांवर तपकिरी रेघा आहेत. फोनवर तू हसत म्हणालीस, "दिवसभर चॉकलेट खाऊन राहिली." रिता, चॉकलेटनं अशा रेघा पडत नाहीत. त्या तुमच्या बोअरच्या पाण्यानं पडल्यात. आणि येत्या रविवारी त्याच पाण्यात शिजलेल्या डाळीचं पाणी तुझ्या सहा महिन्यांच्या नातवाच्या ओठांना लागणार आहे.

नागपूरला कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलात मी तुला रसायनशास्त्रातल्या इक्विलिब्रियम कॉन्स्टंटची, समतोलाच्या स्थिरांकाची, मांडणी शिकवायची, आठवतं? तयार होतं ते वर, मुळातलं खाली, जितके रेणू तितका घात, आणि घन पदार्थ सोडून द्यायचा. तू वही आपटायचीस, "गोटा तं तळाशी पडूनच आहे ना, मंग त्याले काहून सोडायचं?" मग आपण इतक्या हसायचो की सिस्टर दिवा घालवायच्या.

तुमच्या करडी गावच्या जमिनीखालीही तसाच गोटा आहे, कॅल्शियम आणि फ्लोराइडचा. मांडणीत येतं ते फक्त पाण्यात उतरलेलं, कॅल्शियम गुणिले फ्लोराइडचा वर्ग. त्या गुणाकाराची मर्यादा ठरलेली. कॅल्शियम घटलं की फ्लोराइडला वाढायला मोकळं रान. आणि कॅल्शियम कमी असलेल्या पाण्यातच डाळ भराभर शिजते. तुझ्या यजमानांनी, कमलेशभाऊंनी बोअर मारली तेव्हा तू कौतुकानं सांगितलंस, डाळ एका शिटीत होते. मला तेव्हाच शंका आली. फ्लोराइड उकळून जात नाही, फडक्यानं गाळून जात नाही, जिभेला कळत नाही. आधी दात, मग काही वर्षांनंतर गुडघे, पाठ.

एकदा मी विषय काढला होता. तू म्हणालीस, "मास्तरीणबाई, तुले तं गंगेतही जहर दिसंल." सगळे हसले, मीही हसले. अख्खा मोहल्ला तिथं पाणी भरत होता, वर तुझ्या सासूबाईंच्या नावाची पाटी. आई-बाबा गेल्यावर तुझंच घर मला माहेर होतं. ते तुटेल, ही भीती.

सोबत प्रयोगशाळेचा कागद जोडलाय. तुमच्या बोअरची एक बाटली मी गुपचूप भरून नेली होती. फ्लोराइडचा आकडा मर्यादेच्या तिप्पट आहे. कमलेशभाऊंना दाखव, मोहल्ल्यातही सांग. कुंदनसाठी दोन कॅन पाणी शनिवारीच पाठवते. मी यावं की नाही, ते कागद वाचून ठरव. त्या कागदावरची तारीख झाकावीशी वाटली होती, झाकली नाही. मार्च २०१०. रुचिका तेव्हा चार वर्षांची होती.

तुझीच,
विमला