पोटातली हवा कूस बदलते

पडेगाव

ती. सूर्यभान दाजींना मल्हारीचा दंडवत. (सध्या आडवाच आहे, म्हणून दंडवत आपोआप घडतोय. पालथं मात्र होता येत नाही, पोटाला टाके आहेत.) गुडघा कसा आहे? बानाक्का आणि शेरडं खुशाल ना?

त्या दिवशी नामांतराचा बंद होता, म्हणून वाळूजची आमची कंपनीही बंद. सुट्टीच्या आनंदात झणझणीत पिठलं हाणलं आणि दुपारी पोटात असं काही फाटलं की चुलीपुढंच लोळलो. सासूबाईंनी (कस्तुराबाई, म्हणजे आमच्या घरचं हायकोर्ट) निकाल दिला, गॅस! ओवा झाला, हिंग झालं, पोट फळीसारखं कडक झालं, तरी निकाल कायम. शेवटी शेजारच्या करीमनं मला पावाच्या हातगाडीवर घातलं. "बंद हाय, माहीत नाय का?" म्हणत दोन पोरांनी गाडी अडवली. फडकं उचललं तर पावाऐवजी मी! मग तीच पोरं गाडी ढकलत डॉक्टर शकीलाबाईंच्या दारापर्यंत आली.

तिथं एक्स-रेच्या फिल्मा संपलेल्या, म्हणून बाईंनी सोनोग्राफीचं मशीन लावलं. (रांगेतल्या पोटुशा बायका मला बघून पदराआड हसत होत्या.) पडदा बघून बाई म्हणाल्या, पोटात हवा दिसते. झालं! सासूबाईंनी पिशवी उचलली, "म्या काय म्हनले व्हते? चला घरी." मीही टेबलावरून एक पाय खाली टाकला.

बाई दारात आडव्या आल्या. हवा आतड्यात असती तर मीच ओवा दिला असता, म्हणाल्या, पण ही आतड्याबाहेर सुटलीय, म्हणजे कुठंतरी भोक पडलंय. मला उताणं केलं, तर पडद्यावर हवेची चकाकी पोटाच्या मध्यावर. डाव्या कुशीवर केलं, तर ती सरकून थेट लिव्हरवर जाऊन बसली. आतड्यात कोंडलेली हवा अशी मोकळी फिरत नाही, म्हणाल्या. सासूबाईंना पटेना, म्हणून पुन्हा उताणा, पुन्हा कुशीवर. दाजी, जत्रेतला पाळणा एवढा फिरत नसेल! चकाकी पुन्हा सरकली तेव्हा सासूबाई माझा पाय धरून रडायलाच लागल्या, "कापा, पन लेकराला जगवा." तेव्हा मात्र मी घाबरलो.

लगेच मोठ्या दवाखान्यात नेऊन ऑपरेशन केलं. जगलो! आता मऊ भात मिळतोय. हसलं की टाके ओढतात, तरी हसू आवरत नाही.

आपला, भोक बुजवलेला,
मल्हारी

ता. क. भोक पिठल्यानं पडलं नाही. पाठदुखीसाठी उपाशीपोटी खाल्लेल्या गोळ्यांनी पडलं, असं डॉक्टर म्हणतात. तुम्ही मूठभर दिल्या होत्या, त्याच.

आणखी ता. क. त्याच गोळ्या तुम्ही गुडघ्यासाठी रोज खाता आणि हल्ली तुमच्याही पोटात जळतं, असं आक्कानं लिहिलंय. दाजी, मला तुमची काळजी वाटते. गोळ्या फेका आणि इकडं येऊन तपासून घ्या. मला त्या कुणी दिल्या, हे आक्काला अजून कळवलेलं नाही. रविवारपर्यंत आला नाहीत तर कळवीन.