मामांच्या वजनाची स्प्रिंग

३ मार्च

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनानं भरता, म्हणून हे पत्र. आई बरी आहे. रोज दारात उभी राहून रस्ता बघते, आणि मी पाहिलं की कुंडीतली वाळकी पानं खुडायला लागते. दोन वर्षं झाली तुम्हाला येऊन. विचारलं की तुमचं एकच: डोंगरात चालवायच्या मोटरसायकलचा मागचा शॉकअप गळतोय, तो दुरुस्त झाला की येईन आणि दगडखाणीपर्यंत एक चक्कर मारीन. अहो, गाडी आमच्या मागच्या खोलीत, तुम्ही तिकडे. दुरुस्त होणार कसा?

तेव्हा ही सबब तुमच्या हातातून काढून घ्यायचं मी ठरवलंय. शॉकअप मीच खोलणार. दिवसभर चष्म्याच्या काचा घासते, हात स्थिर आहे. शिवाय तीस वर्षं डेपोत बस दुरुस्त करणाऱ्या माणसाची भाची आहे. फक्त काय काय करायचं ते क्रमानं लिहा, आणि "तुला जमणार नाही" अशी सुरुवात करू नका.

मामींना नमस्कार. लोभ पोस्टानं पाठवू नका, स्वतः घेऊन या.

तुमची,
ठमी

११ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुला जमणार नाही. लिहू नका म्हणालीस म्हणून आधी लिहून मोकळा झालो. आता कामाचं.

शॉकअप काढलास की पहिल्यांदा स्प्रिंग किती दाबलेली आहे ते मोज आणि लिहून ठेव. ती माझ्या वजनाला बेतलेली आहे, जोडताना तेच माप साधायचं. मग वरची रिंग सैल करून स्प्रिंग काढ आणि बाजूच्या डबीतला गॅस सोड. गॅस पुरता गेल्याशिवाय झाकणाला हात लावलास तर ते तुझ्या तोंडावर येईल, आणि ताई मला जन्मभर बोलेल. सील नवं घाल. तेल भरल्यावर आत एकही बुडबुडा राहता कामा नये. दांडा हळूहळू वरखाली कर, घाई केलीस की बुडबुडे वाढतात. तुझी घाई मला माहीत आहे. गॅस मात्र घरी भरायचा नाही, त्यासाठी वर्कशॉपमध्ये जा.

मी लिहिताना हसत होतो असं तुझी मामी म्हणते. साफ खोटं. ताईला सांग, दारात उभी राहून पाय दुखवून घेऊ नकोस. येईन.

बोटं जप, आणि आमच्यावरची माया गळू देऊ नकोस.

तुझा,
मामा

२६ मार्च

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

झाला! जुनं सील इतकं कडक झालं होतं की नखानं तुकडे पडले. बुडबुड्यांनी अख्खा रविवार खाल्ला. संपले म्हणावं तर खालून आणखी एक यायचा, अगदी तुमच्या सबबींसारखा, न सांगता-सवरता. वर्कशॉपवाल्यानं गॅस भरताना विचारलं, कुणी खोलला? मी म्हटलं, मीच. तो बराच वेळ एकदा माझ्याकडे, एकदा शॉकअपकडे बघत राहिला.

आता वाईट बातमी. हात तेलकट होते, म्हणून स्प्रिंगचं माप मी खडूनं फरशीवर लिहिलं होतं. तुम्ही येणार या आनंदात आईनं ती खोली पुसून लख्ख केली. मी डोक्याला हात लावला, तर म्हणते, लिहायची जागा आहे का ती?

तेव्हा माप आता वजनावरूनच काढायचं. गाडीवर तेवढं वजन ठेवायचं, मागची बाजू दहा सेंटीमीटर बसली की झालं. तुमचं वजन कळवा. पोटासकट, खरं.

वाट बघायला लावता तेवढा लोभही असू द्या.

तुमची,
ठमी

२ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

वजन ब्याऐंशी, पोटासकट. वाळूची पोती ठेवून मोज. ताईच्या फडक्यापुढे कुणाचं चाललंय आजवर? शाळेत असताना माझी सोडवलेली गणितं तिनं अशीच पुसली होती. शॉकअप झाला, शब्द दिला होता. अठराला येतो.

तुझा,
मामा

३ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या मामांच्या नकळत टाकते आहे. ब्याऐंशी हे दोन वर्षांपूर्वीचं. त्यानंतर पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. धोका टळला आहे, डॉक्टरांनी गाडीलाही हरकत घेतली नाही, पण वजन एकसष्ट आहे. पट्ट्याला नवी चार भोकं पाडली. ताईंनी आपल्याला असं बघू नये, म्हणून यायचं टाळत होते. मला शपथ घातली होती, ती आज मोडली.

मला गाडीतलं काही कळत नाही. पण ब्याऐंशीसाठी आवळलेल्या गाडीवर एकसष्टचा माणूस बसला तर काय होतं गं?

तुझी,
मामी

८ एप्रिल

ती. मामींना,
सा. न. वि. वि.

गाडी खाली बसतच नाही. पाय जमिनीला नीट पोचत नाहीत, आणि पहिल्याच दगडाला ती माणसाला उडवते.

तुमचं पत्र वाचून मी मागच्या खोलीत दार लावून रडले. मग वाळूची पोती कमी केली, रिंग सैल केली आणि पुन्हा मोजलं. आईला काही बोलले नाही. मामांना तर नाहीच. त्यांना कळलं तर राग येईल, कदाचित आल्या पावली परत जातील, याची भीती वाटते. पण खोट्या वजनावर मी त्यांना बसवणार नाही.

शपथ मोडलीत, फार बरं केलंत.

तुमची,
ठमी

२४ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तिथं बोलता आलं नाही ते लिहितो.

गाडीवर बसलो आणि दोन्ही पाय जमिनीला टेकले. तेव्हाच कळलं. ब्याऐंशीला लावलेली गाडी माझ्याखाली अशी बसली नसती. दगडखाणीकडे जाताना तुझा राग आला, तुझ्या मामीचा त्याहून. मग खडबडीत रस्ता लागला. एकही दगड मला लागला नाही गं. बुडबुडा राहिलेला नाही, काम चोख आहे. वळून परत आलो तोवर राग कुठं सांडला कोण जाणे. दोन वर्षं मी फोनवर, पत्रात तुमच्यापुढे ब्याऐंशीचा म्हणून वावरत होतो, त्याचा किती शीण झाला होता ते त्या रस्त्यावर कळलं.

तू गाडी पुसत होतीस तेव्हा ताईला सगळं सांगितलं. वाटलं होतं रडेल. तिनं मला दोन वर्षांचं एकदम झापलं, आणि मग माझा हात धरून बसली तो चहा गार होईपर्यंत सोडला नाही.

एक काम कर. आताचं माप खडूनं भिंतीवर लिही, ताईचा हात पोचणार नाही इतक्या उंच. पुढच्या महिन्यात येतो. तोवर पासष्ट झालो तर रिंग थोडी आवळ. नाही झालो तर आहे तशीच राहू दे. तरी येतो.

तुझा,
मामा