कोंबडीचं तोंड कोणाकडे

८ जानेवारी, सोमवार. सकाळी ९.
चिनी नववर्षाला तेहतीस दिवस. भेटपेट्यांच्या ऑर्डरी सात हजार, सोबतची शुभेच्छापत्रं तितकीच, आणि पत्रव्यवहार विभागाचा प्रमुख मी एकटा. गेल्या वर्षी याच सुमारास टेबलावर डोळा लागला. गालाला पत्त्याचं लेबल चिकटलेलं, तसाच अर्धं तायनान शहर हिंडलो. यंदा मिताहार, हिताहार. दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं. अक्रोड, लाल खजूर, काळे तीळ, उकडलेलं रताळं. तळलेलं वर्ज्य.

११.३०. मालकीणबाईंनी स्वतः हॉटेलात फोन करून २६ तारखेच्या मेजवानीची कोंबडी ठरवली. बावीस वर्षांत हे काम त्यांनी कधी केलं नाही. कोंबडी हा साधा विषय नव्हे. वर्षाखेरच्या मेजवानीत अख्ख्या कोंबडीचं तोंड ज्याच्याकडे, त्याची नोकरी संपली. हल्ली हे कोणी मानत नाही म्हणतात. न मानणारे सगळे कोंबडी आली की खुर्ची सरकवतात.

९ जानेवारी.
आठवड्याचे अक्रोड दुपारी बारापर्यंत संपले. अक्रोड लहान होते.

११ जानेवारी, गुरुवार.
माझी मदतनीस यीरू हिने टेबलावर कोंबडीच्या अर्काची बाटली ठेवली. साहेब, प्या, चेहरा किती उतरलाय तुमचा, असं म्हणाली. सहा वर्षं हाताखाली आहे. आधी माझी थोडी पत्रं लिहायची, आता जवळजवळ सगळी लिहिते. म्हणे, तुमचा भार हलका व्हावा. हाताखालचं माणूस वरच्याचा चेहरा निरखू लागलं की ते चेहरा निरखत नसतं, खुर्चीचं माप घेत असतं. शिवाय बाटलीचं झाकण जरा सैल होतं.
प्यायलो नाही. दारावरच्या लो काकांना दिली. प्रयोग म्हणून.

१२ जानेवारी.
पुन्हा बाटली. पुन्हा लो काका. त्यांच्यात बदल नाही. विष मंद असावं.

१५ जानेवारी, सोमवार.
लो काका सत्तर वर्षांचे. आज दोन-दोन पेट्या खांद्यावर घेऊन जिना चढले आणि वर पोचून गायले. चुआंगसाहेब, उद्याचीही पाठवा बरं का, असं सगळ्यांदेखत ओरडले. त्यात काहीतरी आहे याबद्दल आता शंकाच नाही. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की त्यात काहीतरी आहे, जपून. ते म्हणाले, असू दे की, चांगलंय!

१६ जानेवारी.
डब्यातली रताळी निम्मीच. बायकोला विचारलं. स्यूचिन म्हणाली, अहो, सकाळी घरी पेज झाली, कोपऱ्यावर सोयाचं दूध झालं, वर तुलनेसाठी म्हणून बीफचं सूप झालं. एवढ्यावर झोप नाही येणार तर काय नाच येणार? सूप तुलनेसाठीच होतं. दोन ठिकाणचं प्यायल्याशिवाय तुलना होत नाही. पण मी सूप प्यायलो हे हिला कळलं कसं? यीरूकडे हिचा नंबर आहे.

१८ जानेवारी, गुरुवार.
मालकीणबाईंनी यीरूला आत बोलावलं. दार बंद. चाळीस मिनिटं. त्यातली सतरा मिनिटं मी कामानिमित्त दाराशेजारच्या कपाटापाशी होतो. तीन गोष्टी स्वच्छ ऐकू आल्या: ‘कोंबडी’, ‘चुआंग’, आणि ‘त्याला एवढ्यात सांगू नकोस’.
मानसिक धक्का. अशा वेळी शरीराला तेलाची गरज असते. तळलेल्या कोळंबीचे रोल, चार.

१९ जानेवारी.
दोन वाजून दहा मिनिटांनी किंचित चिंतनात गेलो. तीन वाजता यीरूने जागं केलं. म्हणजे चिंतनातून बाहेर काढलं. साठ पत्रांवर मी सशाच्या वर्षाच्या शुभेच्छा लिहिल्या होत्या. ससा गेल्या वर्षीचा, यंदा ड्रॅगन. तिने गुपचूप बदलली होती. साहेब, कुणाला कळायचं नाही, असं हळूच म्हणाली. मला पडलेला प्रश्न वेगळाच: चूक असेल हे तिला आधी ठाऊक कसं?

२२ जानेवारी, सोमवार.
हॉटेलात जाऊन टेहळणी. आचाऱ्याला सहज विचारलं, कोंबडीचं तोंड कोणीकडे? तो म्हणाला, बाईंनी स्वतः सांगितलंय, आणि तुमच्या ऑफिसातल्या कोणालाही सांगायचं नाही हेही सांगितलंय. संशय येऊ नये म्हणून दोन वाट्या शेवयांचं सूप खावं लागलं. आजचा मिताहार कर्तव्यापायी गेला.
माझं वय त्रेपन्न. या वयात दुसरीकडे कोण घेणार? स्यूचिनला यातलं काही सांगितलेलं नाही.

२५ जानेवारी.
संकल्प: उद्या दिवसभर पूर्ण उपास. रिकाम्या पोटी बुद्धी तीक्ष्ण राहते.

२६ जानेवारी, शुक्रवार. दुपारी ४.
सकाळपासून काही नाही. फक्त तीळ. आणि तिळाबरोबर पाव. बुद्धी तीक्ष्ण.

रात्री ८, घरी.
घडलं ते क्रमाने लिहितो.
सव्वापाचला हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेलो. भूमिदेवाला नैवेद्य दाखवून आणलेली कोंबडी ताटात बसली होती, मान ताठ, माझ्याकडेच बघत. आचारी मासा बघायला वळला. डोकं नसेल तर तोंड नाही, तोंड नसेल तर दिशा नाही. मोडून घेतलं. खिशात टाकणार इतक्यात आचाऱ्याची चाहूल. लपवायला एकच जागा जवळ होती.
चघळत चघळत जागेवर येऊन बसलो.
कोंबडी टेबलावर आली. नुसती मान. मालकीणबाई पेला घेऊन उभ्या राहिल्या, मानेकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, गंमत करणार होते रे पोरांनो. तोंड माझ्याकडे ठेवायला सांगितलं होतं. चौऱ्याहत्तर झाली, यंदा मीच स्वतःला काढून टाकणार होते. माझ्या जागी चुआंग, चुआंगच्या जागी यीरू. तशीही पत्रं तीच लिहिते, तेव्हा चुआंगला वर बसवलं तर कुणाचं काही अडणार नाही. पण डोकंच नाहीसं झालं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, देवाचा कौल नसेल तर खुर्ची सोडू नये. भूमिदेवाला मी हवी आहे. अजून एक वर्ष बसते!
टाळ्या. लो काकांच्या सर्वांत जोरात.
मीही वाजवल्या. तोंड उघडता येत नव्हतं.
यीरू शेजारी बसली होती. तिने कागदी रुमाल पुढे केला. साहेब, ओठाला तुरा लागलाय, एवढंच म्हणाली. मग दुसरीकडे बघत जेवत राहिली.

२७ जानेवारी, शनिवार. सकाळी ९.
आठ वाजल्यापासून टेबलावर काही नाही. बाटली नाही. यीरू आपल्या टेबलाशी पत्रं लिहीत आहे, स्वतःच्या वाट्याचीच. माझ्या वाट्याची माझ्यासमोर. चारशे बारा.

१०.१५. लो काकांकडे जाऊन एखादी बाटली उरली आहे का विचारलं. एक होती. ते म्हणाले, पण साहेब, तुम्हीच सांगितलं होतंत ना, त्यात काहीतरी आहे म्हणून?
तिथेच उभ्याने प्यायलो.
त्यात काही नव्हतं. नुसती कोंबडी.