मुतखड्याची नाटकं

३ तारीख, सोमवार

आज परत एक मुतखडा! चांगला सहाफुटी ठेकेदार, पण खाटेवरून लोळत खाली आला. "सिस्टर, मरतो मी!" — मुतखड्यानं कोणी मरत नाही. साध्या इंजेक्शननं भागेना म्हणून डॉक्टरांनी शिरेतून मॉर्फिन लिहिलं. माझ्या जोडीच्या सिस्टरनं, आमच्या मुकीनं दिलं. तरी विव्हळणं चालूच! दहापैकी किती दुखतंय विचारलं, तर म्हणे "अकरा". गणित कच्चं असणार.

५ तारीख, बुधवार

मेट्रनने पुन्हा तेच पुराण लावलं. मॉर्फिन भरताना, उरलेलं ओतून टाकताना दुसऱ्या सिस्टरनं समोर उभं राहून बघायचं, मगच वहीत सही. इथे श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि मी बेसिनमध्ये पडणारे थेंब बघत बसू? तेही मुकीचे? अकरा वर्षं बरोबर आहोत. कधी कुणाबद्दल ब्र काढला नाही तिनं, म्हणून तर मुकी! या वॉर्डात माणूस म्हणावं अशी तेवढी एकच. ती वही पुढे करते, मी सही ठोकते.

९ तारीख, रविवार

हद्द झाली! आता आमचे धाकटे भाऊजीच कंबर धरून दाखल. मॉर्फिन मुकीनंच दिलं. अर्ध्या तासानं बघते तर घामाघूम, उशीचा कोपरा दातात. "वहिनी, काहीच फरक नाही हो. अजून द्यायला सांगा ना."

सगळ्यांसमोर सुनावलं — "भाऊजी, लाज वाटू द्या जरा! नशेची चटक लागायची लक्षणं आहेत ही." भिंतीकडे तोंड करून पडले.

१० तारीख, सोमवार

ह्यांनी भावाला खाजगी हॉस्पिटलात हलवलं. मला विचारलंसुद्धा नाही. तिथे तेच औषध, तेवढंच. पंधरा मिनिटांत झोपले म्हणे! चकचकीत फरशीचा गुण, दुसरं काय.

१४ तारीख, शुक्रवार

मुकी कपडे बदलायच्या खोलीत पडलेली सापडली. पायात सुई तशीच. वाचेल म्हणतात. मॉर्फिन स्वतः घ्यायची, पेशंटच्या शिरेत सलाइनचं पाणी सोडायची. निदान तीन महिने.

मेट्रनने विचारलं, "कुणाकुणाचं दुखणं थांबलं नव्हतं, आठवतं का?"

कागद बघावे लागले नाहीत. डबा खाताना मी एकेकाची नक्कल करून दाखवायचे. सगळ्या हसायच्या. मुकी तेवढी खाली मान घालून जेवायची.

चौदा नावं सांगितली. भाऊजींचं तोंडातून निघेना.