बॉडी आपली, चासी परकी

प्रिय सूनबाई,

कामात असशील तर हे पत्र बाजूला ठेव, निवांत झालीस की वाच. नको, आत्ताच वाच. आधी घोटभर पाणी पी. मलाच धीर नाही गं, मग तुला निवांत हो म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?

इकडे बरं म्हणायचं म्हणून बरं आहे. तुझ्या सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा त्या स्वतः जास्त कुरकुरतात. लढाईच्या वेळी लष्करानं आपल्या डेपोतल्या बसगाड्या उचलल्या, त्या कुठं कुठं गेल्या आणि त्यांचं काय झालं, याचा माग काढत मी फिरतो हे तुला ठाऊक आहेच. परवा त्या शेजारणीला सांगत होत्या, "लोक घराण्याची वंशावळ काढतात, आमचे हे बसची काढतायत!" मी का फिरतो ते त्यांना पक्कं माहीत आहे. पण थट्टा थांबली की रडू फुटायचं, म्हणून त्या थट्टा थांबवत नाहीत.

गाड्या नेल्या तो दिवस तुलाही आठवत असेल. भर रस्त्यात उतारू उतरवले होते. एक बाई गाठोडं घट्ट धरून बसली आणि शिपायाला म्हणाली, "माझं घर येऊ दे, मग खुशाल लढा!" तिलाही उतरवलंच. मग आमच्याच हातांनी आम्ही बाकं उपटली, जखमींच्या झोळ्यांसाठी आकडे ठोकले आणि लाल रंगावर चिखलासारखा रंग फासला. आपली 'ठुमकी' वळणावर मागून झुलायची म्हणून तिचं ते नाव. तिची बॉडी मी बांधलेली. लेकीला सासरी धाडताना तिचे दागिने काढून घ्यावेत, तसं वाटलं बघ. वर हुकूम असा की गाडी जिथं, ड्रायव्हर तिथं. आणि ठुमकीवर ड्रायव्हर तुझा नवरा, माझा लेक. हा पठ्ठ्या खिडकीतून ओरडला, "बाबा, गाड्याबरोबर नळ्याची यात्रा!" तो हसला म्हणून तू हसलीस. तू हसलीस म्हणून मीही हसलो.

पुढं त्याची पत्रं थांबली, मग लढाई थांबली. 'बेपत्ता' एवढ्या एका शब्दावर आपली बोळवण झाली. आणि लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांच्या मैदानात मला ठुमकी दिसली! तिच्या पाठीवर मी मारलेलं ठिगळ होतं, रिबिटं माझ्या हातची, जराशी तिरकी. नखानं चिखली रंग खरवडला तर खाली आपला लाल. मी तिथं लहान पोरासारखा नाचलो. घरी आलो ते ओरडतच, "गाडी शाबूत, तर ड्रायव्हर शाबूत!" ते वाक्य तू पदरात बांधून घेतलंस. तू माहेरी गेल्यावर तुझ्या भावानं तुझ्यासाठी त्या मास्तरांचं स्थळ आणलं, तेव्हा तू त्याला हेच ऐकवलंस म्हणे. भावानं मला सांगितलं, तेव्हा माझी छाती फुगली होती.

गाडी कुठून कुठं फिरली हे कळलं तर तो कुठं उतरला तेही कळेल, असा माझा हिशेब. म्हणून लष्करी वर्कशॉपातल्या एका जुन्या फिटरला गाठलं. हल्ली तो सायकलींची पंक्चरं काढतो. ठुमकीचं ठिगळ सांगताच त्यानं ओळखलं. मी म्हटलं, म्हणजे गाडी सुखरूप आली ना? तर त्यानं हातातली ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधले. मग म्हणाला, "अहो मिस्त्री, टोपी सापडली म्हणून डोकं सापडलं का?"

मग त्यानंच उलगडून सांगितलं. लढाई वाढली तशी मालट्रकांची चणचण पडली. मग बसच्या बॉड्या क्रेननं उचलून बाजूला ठेवायच्या आणि खालची चासी, म्हणजे इंजिन, चाकं, सगळा सांगाडा, तिच्यावर फळ्या ठोकून पेट्रोलची पिंपं वाहायची. पुढं एखादी बॉडी लागली तर कुठल्याही चासीवर चढवायची. आणि ड्रायव्हर? तो इंजिनाबरोबर जाणार, पत्र्याबरोबर नव्हे.

तसाच मैदानात परतलो आणि ठुमकीच्या खाली शिरलो. चाकांवरचे स्प्रिंगांचे पाटे आपले नव्हते, इंजिन आपलं नव्हतं. वर माझी लेक आणि खाली भलत्याच कुणाचे पाय! जन्मभर मी पत्रा पाहत आलो. गाडीखाली लोळणाऱ्या इंजिनवाल्यांना आम्ही पत्रेवाले 'उंदीर' म्हणायचो. इंजिनवाला असता तर त्यानं आधी खाली वाकून पाहिलं असतं गं.

फिटरनं पिंपांच्या गाड्यांचा रस्ता सांगितला होता, त्या रस्त्यानं गेलो. नदीवर पूल आहे, त्याचा एक कठडा नवा आहे. पलीकडं एका म्हातारीचं चहाचं खोपटं. ती म्हणाली, "फळ्या ठोकलेली एक मोटार वरून खाली गेली बाबा. लोखंड भंगारवाल्यांनी कापून नेलं. माणूस पाण्यानं नेला." मी विचारलं, कसा होता दिसायला? तर म्हणाली, "तेव्हा कोण बघायला होतं?" एवढं बोलून ती ज्या गादीवर बसली होती, ती तिनं मला बसायला दिली. ड्रायव्हरच्या सीटवरची गादी. मोटारीतून तेवढीच तिच्या वाट्याला आलेली.

मी बसलो नाही.

त्याची कंबर धरायची म्हणून तू त्याला गादीला खोळ शिवून दिली होतीस, एवढं मला आठवतं. कापड कसलं होतं ते आठवत नाही, आणि या कापडाला आता रंगच उरलेला नाही. खोळीच्या शिवणीचा वीतभर तुकडा कापून पाकिटात घातला आहे. तू डावखुरी, तुझा टाका इतरांच्या उलट कलतो. हा टाका मी उन्हात धरून पाहिला, चष्मा पुसून पाहिला, चष्मा काढून पाहिला. मला काय दिसलं ते लिहीत नाही. तूच बघ. तुझा असेल तर मास्तरांना हो म्हण आणि माझ्या त्या वाक्याची गाठ सोड. तुझा नसेल तर तसं लगेच कळव, मी आणखी पुढच्या पुलापर्यंत जाईन. फक्त या म्हाताऱ्याची दया येऊन खोटं लिहू नकोस पोरी. लिहिलंस, तर ते मला खरंच वाटेल.

तुझाच, पोस्टमनच्या वाटेकडं डोळे लावून बसलेला,
बाबा