काच पिवळी पडली नाही

बाबा, सालवडच्या आपल्या गच्चीवर बसून लिहितेय. पुढ्यात पाण्याच्या टाकीला टेकवलेली माझी काच आहे, बोटभर लांबीची. तुम्ही असतात तर आधी हसला असतात, "एवढ्याशा काचेवर वीज? पंखा तरी फिरल का?" नाही फिरणार. पण मी सगळं समजावून सांगितलं असतं आणि तुम्ही काही न कळता "हां, हां" करत ऐकलं असतंत.

तर ऐका. या काचेवर आम्ही प्रयोगशाळेत एक पातळ थर देतो, पेरोव्स्काइट त्याचं नाव. त्याचं द्रावण पिवळं असतं, अगदी तुमच्या हातांसारखं. काच तापत्या प्लेटवर ठेवली की तो थर बघता बघता काळा होतो, आणि मग उन्हाची वीज करतो. इतकी वर्षं बघतेय, तरी त्या क्षणी प्लेटवरून नजर हलत नाही. पण मेला ओलीला असा घाबरतो की विचारू नका! जरा दमट हवा लागली की परत पिवळा, वीज बंद, सगळी मेहनत पाण्यात. म्हणून कडा नव्या तऱ्हेने सीलबंद करून काच पावसाआधी मुद्दाम इथे माहेरी आणून ठेवली. आपल्या बोईसरच्या दमट हवेत टिकली तर कुठेही टिकेल. नाही टिकली तर हे काम गुंडाळायचं, असं प्रयोगशाळेतल्या आमच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

बसल्या बसल्या तुम्ही दिसता. रंगाच्या कंपनीतून सुटून सायकल भिंतीला लावताय. मी धावत येते, "बाबा, आज कुठला रंग?" तुम्ही मुठी उघडता. "आज हळद हाय." आई मोरीत बेसन आणि लिंबाची फोड ठेवते. तुम्ही घासत राहता, पाणी पिवळं वाहत राहतं, आणि हात तसेच. उशीच्या अभ्र्यावरसुद्धा तुमच्या गालाचा पिवळा डाग. आई कावली की म्हणायचात, "ओरडतेस काय? पोरीच्या लग्नात हळद आणायला नको, मी नुसता हात फिरवीन." आणि लग्नाआधीच गेलात. माझ्या हळदीला सगळं घर हसत होतं, मला मात्र तुमचा एक हात गालावर हवा होता.

पावसाळा सरला. मघाशी काच पुसली, मीटर लावला. काळीच आहे बाबा, कोपऱ्यांतसुद्धा, आणि वीजही देतेय. जिंकलो आपण! खालून आईने विचारलं, "टिकली का गं?" मी म्हटलं, "टिकली." आता सरांना फोन करेन. हे पत्र घडी घालून पर्समध्येच राहील, टाकणार तरी कुठे? एक तेवढं तुम्हालाच सांगते. आईला उत्तर देण्याआधी मी ती काच उन्हात धरून कितीतरी वेळ शोधत होते, कुठे एखादा पिवळा ठिपका दिसतोय का. नाही सापडला, तेव्हा मला रडू आलं.