ठिणगीची डबी व शहागंजचा कारखाना

मी, बद्रीनाथ वल्द लिंबाजी, वय एकसष्ट, पेशा मोटार-मिस्त्री, राहणार शहागंज, औरंगाबाद, इलाखा निजाम सरकारे आली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. अक्कल ठिकाणावर आहे. कसल्या नशेचा अंमल नाही, कोणाचा दबाव नाही. संताप आहे, पण तो चार वर्षांचा मुरलेला आहे आणि त्याने समज बिघडलेली नाही. डॉक्टर दिवाळीची खात्री देत नाहीत, म्हणून आताच लिहितो.

कलम १. राहते घर, भांडीकुंडी व जी काय शिल्लक निघेल ती माझी पत्नी वच्छलाबाई हिची. तिने आजवर मला विचारून काही केले नाही. यापुढे तर तो प्रश्नच नाही.

कलम २. पुतण्या रामकिसन, राहणार बिडकीन, यास माझी सायकल व मनगटी घड्याळ. कारखान्याची जागा त्याला कापडाच्या दुकानासाठी हवी आहे. तब्येत विचारायला येतो आणि जाताना कारखान्याची भिंत पावलांनी मोजून जातो. मी अजून जिवंत आहे, एवढे तरी त्याने ध्यानात ठेवावे.

कलम ३. माझे अठरा वर्षांचे भागीदार गयासमियां यांच्याशी चार वर्षे माझे बोलणे नाही. एकाच छताखाली ते एका टोकाला, मी दुसऱ्या. लोक म्हणतात पैशावरून फाटले. काही जण धर्मावरून म्हणतात. दोन्ही खोटे. कारण एक पत्र्याची डबी आहे.

ही डबी मुंबईहून येते आणि प्लगच्या तारेत मध्येच बसते. तिने ठिणगी मोठी होते, म्हणून इंजिनाचा जोर वाढतो, असे छापील कागदावर लिहिलेले असते. गयासमियां गिऱ्हाइकासमोर तार सोडवून दाखवतात. ठिणगी हवेत लांब उडते, गिऱ्हाईक खूश. अरे बाबा, आतली पेट्रोलची वाफ एकदा पेटली की पेटली. गंजीला काडी लावा नाहीतर मशाल लावा, गंजी तेवढीच जळते. हे मी त्यांना मराठीत सांगितले, उर्दूत सांगितले, हातातला पाना आपटून सांगितले.

खरे तेही लिहितो. फकिरा ड्रायव्हरच्या म्हाताऱ्या लॉरीचे प्लग तेलाने काळे होतात, तिथे डबीमुळे ठिणगी पडते, हे कबूल. पण आजाऱ्याच्या हाती काठी दिली म्हणून तो पैलवान होत नाही.

कलम ४. चार वर्षांपूर्वी दौलताबादच्या घाटात आम्ही डबीची परीक्षा घेतली. एकच मोटार, चालवायला फकिरा. पहिल्या खेपेस डबी लावलेली. तिसऱ्या वळणावर गिअर बदलावा लागला. दुसऱ्या खेपेआधी मी गुपचूप डबी उघडून आत तांब्याची तार जोडली, वीज सरळ तिच्यातून जाऊ लागली, म्हणजे डबी नुसती शोभेची राहिली. मोटार त्याच वळणापर्यंत गेली आणि तिथेच गिअर बदलावा लागला. वर पोचल्यावर मी डबी उघडून दाखवली. गयासमियांनी तार पाहिली, आभाळाकडे पाहिले, आणि म्हणाले की आता हवा थंड झाली आहे, म्हणून चढली. यावर मी जे बोललो ते मृत्युपत्रात लिहिण्याजोगे नाही.

मग त्यांच्या हातून गेलेली प्रत्येक गाडी सुधारते कशी? मी चार वर्षे दुसऱ्या टोकाला बसून तेच पाहतो आहे. डबी बसवण्याआधी ते प्लग काढून घासतात, त्यांची फट पत्तीने मोजतात, पॉइंट कानशीने सरळ करतात, सैल तारा आवळतात. घाणीवर नवी वस्तू बसवणे त्यांच्या हाताला जमतच नाही. गाडी सुधारणारच. आणि सगळे श्रेय डबीला. अख्ख्या औरंगाबादेत ज्याच्या हाताला तोड नाही, तो माणूस आपले यश मुंबईच्या पत्र्याच्या नावावर चढवतो. मला हे सहन होत नाही. परक्याने केले असते तर हसलो असतो.

कलम ५. कारखाना, त्याची जागा व सर्व हत्यारे माझ्या नावावर आहेत; ती गयासमियां यांना द्यावीत, परंतु एका शर्तीवर. त्यांनी स्वहस्ते लिहून द्यावे की “डबीने इंजिनाचा जोर वाढत नाही.” एवढी एक ओळ. न लिहिल्यास कारखाना रामकिसनला जाईल आणि तिथे कापड विकले जाईल.

वरील मजकूर मी साक्षीसाठी गयासमियांपुढे ठेवला. त्यांनी पहिल्या साक्षीदाराच्या जागी आधी सही केली आणि मग वाचायला घेतले, ही त्यांची जुनी खोड. कलम पाच दोनदा वाचले. चार वर्षांनी माझ्याशी बोलले ते असे:

“बद्रीभाऊ, मी नाय लिहिणार. डब्बीनं जोर वाढतो, मी रोज बघतो. कारखान्यासाठी झूट कैसा लिखूं?”

मी म्हणालो, रस्त्यावर याल. ते म्हणाले, येईन. टोपी घातली, हत्यारे पुसून जागच्या जागी ठेवली आणि गेले.

वच्छलाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, “लबाड असता तर लिहून मोकळा झाला असता.” रात्री मी कलम पाच पुन्हा वाचले. चार वर्षे मी त्यांना गिऱ्हाइकाला फसवणारा समजत होतो. ते फक्त चुकलेले आहेत, आणि मी त्यांना खोटे लिहायला सांगत होतो.

सबब कलम ५ मधील शर्त रद्द. हा कागद उतरवणारे अर्जीनवीस निजामुद्दीन म्हणाले नवा कागद करू. मी म्हटले नको, नुसती रेघ मारा, काय मागितले होते ते दिसू द्या. कारखाना, जागा व हत्यारे बिनशर्त गयासमियांची. रामकिसनने हरकत घेऊ नये.

डबीने जोर वाढत नाही, हे माझे म्हणणे मरेपर्यंत कायम आहे. त्यांनी डबी विकावी, न विकावी, त्यांची मर्जी. फक्त ती बसवण्याआधी प्लग घासायचे कधी सोडू नये.

हे लिहून दिले, वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: बद्रीनाथ वल्द लिंबाजी

साक्षीदार:
गयास वल्द मुबारक, मोटार-मिस्त्री, शहागंज. (मिळकत यांनाच मिळत असल्याने ही सही खोडली.)
१. फकिरा वल्द मारुती, लॉरी ड्रायव्हर, हर्सूल. अंगठ्याची निशाणी.
२. निजामुद्दीन वल्द अब्दुल गनी, अर्जीनवीस. उर्दू तर्जुमा यांनीच केला.

मुक्काम औरंगाबाद, ता. १७ खुर्दाद १३५० फसली (इंग्रजी एप्रिल १९४१).